सहा सिगरेटींना एकोणीस, बारांना चौदा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की आमच्या मामांना जेवायला फुरसत नसते, पण सिगरेटला असते. मामा एका अडत पेढीवर दिवाणजी आहेत. आधी लाल वहीत लिहायचे, आता संगणकावर शेतकऱ्याची पट्टी काढतात. दर दोन तासांनी उठून मागच्या बाजूला, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीआड जातात आणि पाच मिनिटांत परत येतात.

मागच्या हंगामात यार्डात आरोग्य तपासणीचं शिबिर लागलं होतं. रक्तदाब, साखर वगैरे नेहमीचं, आणि एका टेबलावर हातात मावेल एवढं यंत्र, त्याला पुठ्ठ्याची नळी. पंधरा सेकंद श्वास रोखायचा आणि मग नळीत हळूहळू सोडायचा. बाहेर पडणाऱ्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइडचे भाग किती, तो आकडा पडद्यावर येतो. न ओढणाऱ्या माणसाचा साधारण पाच-सहाच्या आत असतो. दहाच्या वर गेला की "ओढता का?" हे विचारायचं कारण उरत नाही.

मामांचा आला एकोणीस. शेजारच्या पेढीवरच्या दिवाणजींचा चौदा. आता मामा दिवसाला सहा ओढतात. पूर्वी वीस ओढायचे, डॉक्टरांनी दटावल्यावर कमी केल्या, त्याही 'लाईट'वाल्या. शेजारचे दिवाणजी साध्या, आणि बारा. मामांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "मशीन बिघडलंय." मग हमालांपैकी एकाने फुंकलं. त्याचा पंचवीस आला, आणि तो तर सिगरेटला शिवतही नाही, नुसत्या बिड्या.

मी बरीच वर्षं ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे संध्याकाळी तो कागद माझ्यासमोर आला. "शिकिवत होतास न्हवं? मग सांग की, सहाला एकोणीस कसं?" त्या संध्याकाळी मी जे सांगितलं आणि नंतर जे सुचलं, ते सगळं इथे लिहितोय.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. हा आकडा शेवटची सिगरेट कधी ओढली त्यावरही अवलंबून असतो, आणि मामांनी तपासणीच्या धास्तीने रांगेत उभं राहायच्या आधीच एक उरकली होती. पण निम्म्या सिगरेटी ओढणाऱ्याचा आकडा वरचढ निघावा, याला तेवढंच कारण पुरत नाही. मशीनही बिघडलेलं नव्हतं. चूक होती ती मामांच्या मोजण्यात. ते कांड्या मोजत होते. शरीराला कांड्यांशी काही देणंघेणं नसतं.

धुरात असतं तरी काय

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं सापडली आहेत. त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाला कारण ठरतात, हे सिद्ध झालेलं आहे. ही यादी पाठ करण्यात अर्थ नाही. पण ती दोन ढिगांत वाटली की पुढचं बरंच सोपं होतं.

पहिला ढीग पानातच असतो, काडी ओढायच्या आधीपासून. निकोटीन हे त्या झाडाचं स्वतःचं रसायन. कॅडमियम हा जड धातू तंबाखूचं झाड जमिनीतून फार चटकन उचलतं आणि पानात साठवतं. पोलोनियम नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्यही सूक्ष्म प्रमाणात येतं, काही हवेतून पानावरच्या चिकट लवेवर बसून आणि काही फॉस्फेट खतांतून. आणि तंबाखू वाळवताना, मुरवताना तयार होणारी नायट्रोसामाइन्स, कर्करोगाला कारण ठरणारी. ही शेवटची लक्षात ठेवा. जाळ न लागताच ती तयार झालेली असतात, म्हणून धूर न ओढणाऱ्यांच्याही वाट्याला येतात.

दुसरा ढीग जळण्यातून होतो. झुरका घेतला की सिगरेटचा निखारा नऊशे अंश सेल्सिअसच्या घरात जातो, सोडला की सहाशेवर उतरतो. कागदाच्या नळीत कोंबलेल्या पाल्याला पुरेशी हवा मिळत नाही, तो अर्धवट जळतो. आपल्याकडे उसाचा पाला ओलसर असताना पेटवला की रान कसं काळ्या धुरानं भरतं, तसं. त्या अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड, बेन्झीन, फॉर्माल्डिहाइड, डोळ्यांत झोंबणारं अ‍ॅक्रोलीन, आणि बेन्झोपायरीनसारखी डांबराच्या कुळातली रसायनं निघतात.

या सात हजारांत शरीर मागतं ते एकच, निकोटीन. बाकीची सगळी वऱ्हाडासारखी. नवरदेव आला की ती येणारच, आणि त्यांना निमंत्रण लागत नाही.

फुप्फुसात गेलेलं निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. (मामा दर दोन तासांनी का उठतात, ते इथे आलं.) रोज ओढणाऱ्याच्या मेंदूला एका ठरावीक पातळीची सवय होते. पातळी खाली गेली की चिडचिड, हात शिवशिवणं, पट्टीत बेरीज चुकणं. ती पातळी गाठेपर्यंत माणूस ओढतो, आणि हे तो ठरवून करत नाही. सिगरेट 'कमी' असेल तर झुरका आपोआप लांबतो, खोल जातो, छातीत जास्त वेळ राहतो. एक झुरका जास्तीचा होतो. कांड्या कमी झाल्या तर प्रत्येक कांडीतून जास्त वसुली होते. शरीर आपला हिशेब चोख ठेवतं, आमच्या मामांपेक्षाही चोख.

यंत्र कसं ओढतं आणि माणूस कसा

सिगरेटमधून किती डांबर (म्हणजे धुरातला चिकट तपकिरी माल), किती निकोटीन निघतं हे आकडे पूर्वी अनेक देशांत पाकिटावर आणि जाहिरातीत छापले जायचे. ते यायचे सिगरेट ओढणाऱ्या यंत्राकडून. त्या यंत्राची पद्धत अशी : दर मिनिटाला एक झुरका, दोन सेकंदांचा, 35 मिलिलिटरचा. चहाचे सात चमचे हवा, बस. हे माप 1936 साली अमेरिकेत सुचवलं गेलं होतं, आणि 1967 पासून तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने तेच धरलं. माणसं खरोखर कशी ओढतात हे सांगायला ते बसवलेलंच नव्हतं. एका सिगरेटची दुसरीशी तुलना करता यावी, एवढ्यापुरतं ते होतं. पण छापलेल्या आकड्याला लोक आपल्या छातीतला आकडा समजले. खरा माणूस बऱ्याचदा पन्नास-साठ मिलिलिटरचा झुरका घेतो, तोही मिनिटाला दोनदा. त्या आयोगाने 2008 मध्ये त्या आकड्यांच्या पाठीवरचा आपला हात काढून घेतला. त्यात चाळीस वर्षं गेली होती.

आता 'लाईट'ची गोष्ट. मला स्वतःला यातलं सगळ्यात चीड आणणारं प्रकरण हेच वाटतं.

लाईट सिगरेटमध्ये तंबाखू काही वेगळ्या, सौम्य जातीचा असतो असं मामांना वाटत होतं. तसं फारसं नसतं. फरक असतो फिल्टरभोवतीच्या कागदात. असं एखादं थोटूक घ्या, फिल्टरवरचा तांबूस कागद सोडवा आणि उजेडासमोर धरा. तोंडाकडच्या टोकापासून साधारण सेंटीमीटरभर अंतरावर सुईने टोचल्यासारख्या बारीक छिद्रांची एक ओळ गोल फिरलेली दिसेल. झुरका घेताना त्या छिद्रांतून बाहेरची हवा आत येते आणि धूर पातळ होतो. दुधात पाणी घातल्यासारखं. अगदी हलक्या म्हणवणाऱ्या काही सिगरेटींत तर झुरक्यातला निम्म्याहून जास्त भाग या हवेचा असतो. यंत्र ती सिगरेट अगदी टोकाला धरतं, छिद्रं मोकळी राहतात, आकडा छान येतो.

माणूस ती बोटांत धरतो. ओठांत आत घेतो. वाऱ्यात मूठ करून धरतो. छिद्रं झाकली जातात आणि लाईट सिगरेट साधी होऊन बसते. झाकली नाहीत तरी पातळ धूर मेंदूला पुरत नाही, मग झुरका मोठा होतो. दोन्ही वाटा एकाच गावाला.

हे मामांना पटेना. मग आम्ही एक उद्योग केला. पोत्यांच्या थप्पीआड त्यांची चार-पाच थोटकं पडलेली होती, ती चिमट्याने उचलली आणि पांढऱ्या कागदावर ओळीने उभी केली, तोंडाकडची बाजू वर करून. छिद्रं मोकळी ठेवून ओढलेली असेल तर फिल्टरच्या मधोमध डाग गडद पडतो आणि कडेला फिकट पांढरं वर्तुळ राहतं, कारण कडेने स्वच्छ हवा शिरलेली असते. छिद्रं झाकून ओढली तर सगळा फिल्टर कडेपर्यंत सारखा तपकिरी. मामांची सगळी थोटकं कडेपर्यंत तपकिरी होती, नीट उकळलेल्या चहाच्या रंगाची. एकातही पांढरी कड नाही. मामा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे पैशे लाईटचे मोजले आन् ओढली साधीच?" मी म्हटलं, "मामा, साधीपेक्षा जास्तच. कारण ती लाईट आहे म्हणून तुम्ही खोल ओढता."

खोल ओढण्याचा परिणाम नुसत्या मापावर होत नाही, जागेवरही होतो. उथळ झुरक्यातला धूर मोठ्या श्वासनलिकांत जास्त बसतो, खोल ओढलेला थेट फुप्फुसाच्या कडेकडच्या बारीक फांद्यांपर्यंत जातो. सिगरेटला फिल्टर आणि छिद्रं आल्यानंतरच्या दशकांत फुप्फुसाच्या कडेला होणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा कर्करोगाचा प्रकार वाढत गेला. सिगरेटच्या बनावटीतल्या बदलांनी हा धोका वाढवला, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखाच्या, 2014 च्या अहवालाने स्पष्ट लिहिलं आहे.

वीसच्या सहा केल्या, मग विषही तिसऱ्या हिश्शावर यायला हवं की. 1986 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. दिवसाला सरासरी 37 सिगरेटी ओढणाऱ्यांना पाचवर आणलं. कांड्या सातव्या भागावर आल्या. पण एका सिगरेटमधून शरीरात जाणारा माल सुमारे तिपटीने वाढला, आणि डांबर व कार्बन मोनॉक्साइड जेमतेम निम्म्यावर आले. निम्म्यावर येणंही काही वाईट नाही, हे मी मान्य करतो. पण ज्याने कागदावर सातवा हिस्सा लिहिलाय त्याने तेवढ्यावरच गणित मांडलेलं असतं, आणि तिथे तो फसतो.

यात आणखी दोन बारकावे आहेत. पहिला, सकाळची पहिली कधी ओढता? डोळे उघडल्यावर पाच मिनिटांच्या आत पेटवणारा आणि तासाभराने पेटवणारा, दोघेही दिवसाला तेवढ्याच ओढत असले तरी पहिल्याच्या शरीरात निकोटीनच्या आणि नायट्रोसामाइन्सच्या खुणा जास्त सापडतात. रात्रभराची भूक तो एका कांडीत भागवतो. दुसरा, कुठपर्यंत ओढता? न जळलेला तंबाखू स्वतःच गाळणीसारखा असतो. सुरुवातीच्या झुरक्यांतलं डांबर पुढच्या तंबाखूवर बसत जातं. निखारा खाली सरकला की तो आधी अडकलेला मालही पेटतो. म्हणून शेवटचे झुरके सगळ्यात जड. अर्धी विझवून कानावर ठेवलेली आणि नंतर परत पेटवलेली कांडी हीही त्यातलीच, पहिल्या झुरक्यापासूनच जड.

बिडीचं वेगळं गणित

सांगली-कोल्हापूरकडचा माणूस बिडीला साधं समजतो. पान आणि तंबाखू, त्यात केमिकल काय असणार? शिबिरात पंचवीसचा आकडा काढणारा हमालही हेच म्हणाला. निपाणीचा बिडीचा तंबाखू इथून फार लांब नाही, घरचाच वाटतो. आणि दिसायला बिडी केवढीशी. सिगरेटमध्ये पाऊण ग्रॅमच्या आसपास तंबाखू असतो, बिडीत जेमतेम पाव ग्रॅम, कधी त्याहून कमी. तिसऱ्या हिश्शाचा माल आणि आकडा जास्त, हे कसं?

उत्तर त्या टेंभुर्णीच्या पानात आहे. सिगरेटचा कागद सच्छिद्र असतो. त्यातून थोडी हवा आत येते, थोडा कार्बन मोनॉक्साइड बाजूने बाहेर निसटतो. शिवाय कागद आपला आपण जळत राहावा अशी सोय त्यात केलेली असते. टेंभुर्णीचं पान यातलं काहीच करत नाही. ते हवा सोडत नाही आणि नीट जळतही नाही. दोन क्षण लक्ष दुसरीकडे गेलं की बिडी विझते. म्हणून बिडी ओढणारा सारखा ओढतच असतो. हमालाला पोतं उचलण्याआधी बघा, गप्पा मारताना सिगरेटवाल्याचा हात खाली असतो, बिडीवाल्याचा तोंडाशी. झुरका पटापट आणि जोरात, कारण जोर लावल्याशिवाय धूर येत नाही. जितक्या जोरात आणि जितक्या वेळा, तितका आत.

त्यात बिडीच्या तंबाखूत ग्रॅममागे निकोटीन जास्त. फिल्टर नाही. आणि बिडी शेवटपर्यंत, दोऱ्यापर्यंत, बोटाला चटका बसेपर्यंत ओढली जाते. ती फेकायची म्हणजे पैसे फेकणं. यंत्रावर ओढून बघितलं तरी बिडीतून निघणारं निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटच्या बरोबरीचं किंवा त्याहून जास्त भरतं. एवढ्याशा पुंगळीतून.

चिलमीची ओली छापी (तोंडाशी गुंडाळलेलं फडकं) आणि हुक्क्याचं पाणी, यांच्याबद्दलही असाच भाबडा विश्वास आहे. पाण्याने धूर थंड होतो, त्यामुळे तो घशाला लागत नाही. धुतला जात नाही. उलट लागत नाही म्हणून माणूस तासभर बसतो, आणि हुक्क्यात कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वर येतो. तासाभराच्या बैठकीत आत जाणाऱ्या धुराचं आकारमान एका सिगरेटच्या शंभर पटींच्या पुढे जाऊ शकतं.

धूर नको म्हणून पुडी

यार्डात पोती आहेत, सुतळी आहे, आग लागायची भीती आहे. त्यामुळे पुष्कळ जणांनी धूर सोडून तळहातावर मळायला सुरुवात केली. महाराष्ट्राचं एकूण चित्रही तसंच आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ होते 3.8 टक्के आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे 24.4 टक्के. म्हणजे या राज्यात तंबाखूचा प्रश्न मुख्यतः धुराचा नाहीच, गालफडाचा आहे.

धूर गेला म्हणजे दुसरा ढीग गेला, हे खरं. कार्बन मोनॉक्साइड नाही, छातीत डांबर नाही. पण पहिला ढीग पूर्णच्या पूर्ण तोंडात. नायट्रोसामाइन्स तिथेच आहेत, आणि एक बार अर्धा तास गालात राहतो, त्याच जागी, रोज. चुना कशाला लावतात? चव म्हणून, असं सांगतात. चुना अल्कधर्मी असतो, त्याने निकोटीन मोकळ्या रूपात येतं आणि गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून भराभर रक्तात उतरतं. शाळेतलं आम्ल-अल्क प्रकरण आहे हे, आणि तळहातावर अंगठ्याने ते रोज हजारो लोक करतात. तोच चुना त्वचा भाजून काढतो, म्हणजे नायट्रोसामाइन्सना वाटही मोकळी.

मशेरीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या आजीच्या घरी, तासगावाकडे, पंधरा दिवसांतून एकदा तव्यावर तंबाखू भाजला जायचा. खिडक्या उघड्या असूनही घरभर खाट उठायची, आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. काळा कुळकुळीत झाला की पाट्यावर वाटून डबीत. मग सकाळी दातांना, दुपारी दातांना, पाहुणे गेले की दातांना. आजी म्हणायची, "मी कुठं तंबाखू खाते? दात घासते." तर तव्यावरच्या त्या भाजण्यात जे होतं ते सिगरेटच्या निखाऱ्यात होणाऱ्या गोष्टीचंच धाकटं भावंड. अर्धवट जळून बेन्झोपायरीनच्या कुळातली रसायनं तयार होतात. म्हणजे मशेरीत पानातला पहिला ढीग आणि जाळातला दुसरा, दोन्हींचा वाटा. आणि बायका ती गरोदरपणातही लावतात, कारण ते 'दात घासणं' आहे.

घरातल्यांच्या वाट्याचा धूर

सिगरेटमधून धूर दोन बाजूंनी निघतो. एक झुरक्याबरोबर तोंडात जातो. दुसरा, दोन झुरक्यांच्या मधे, टोकाकडून नुसताच वर जात राहतो. घरात दुसऱ्यांच्या श्वासात जातो त्यातला बहुतेक हा दुसरा. झुरका नसताना निखारा थंड असतो, जळणं आणखी अपुरं, आणि फिल्टरचा तर प्रश्नच नाही. म्हणून त्या नुसत्या जळणाऱ्या धुरात अनेक विषारी द्रव्यं, तंबाखूच्या ग्रॅममागे, ओढलेल्या धुरापेक्षा जास्त असतात. तो नंतर हवेत पातळ होतो, हे नशीब. पण दहा बाय दहाच्या खोलीत किती होणार?

मामी वर्षानुवर्षं सांगत आल्या, बाल्कनीत जावा. मामा बाल्कनीत जायचे आणि दार उघडं ठेवायचे, आतलं क्रिकेट दिसावं म्हणून.

काय किती दिवस राहतं

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरल्यासारखा बसतो आणि प्राणवायू उभा राहतो. ओढणं थांबलं की चार-पाच तासांत निम्मा जातो, दीड दिवसात यंत्रावरचा आकडा न ओढणाऱ्यासारखा होतो. निकोटीनपासून शरीरात बनणारं कोटिनिन दोन-चार दिवस दिसतं. नायट्रोसामाइनची खूण लघवीत आठवडेच्या आठवडे रेंगाळते.

आणि कॅडमियम. हा मूत्रपिंडात जाऊन बसतो आणि निम्मा व्हायलाच दहा ते तीस वर्षं घेतो. हरिपूरला हळदीची पेवं होती, अजूनही थोडी असतील. जमिनीत खोल खड्डा, वरून तोंड बंद, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. मामांना पेव चांगलं माहीत. उघडल्या उघडल्या त्यात कोणी उतरत नाही, आतली हवा गुदमरवते, आधी ती बाहेर जाऊ द्यायची, मग दोर. मी म्हटलं, मूत्रपिंड म्हणजे कॅडमियमचं पेव. मामा म्हणाले, "पेवात माणूस उतरतो तरी."

रोगांचं गणितही असंच रसायनागणिक वेगळं आहे. हृदयाला थोडा धूरही पुरतो. रक्त चिकट होणं, धमन्या आखडणं, हे कमी मात्रेलाच सुरू होतं. 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र मोजणी आली. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला फक्त एक ओढणाऱ्या पुरुषाला असतो, बायकांत साधारण तिसरा हिस्सा. फुप्फुसाच्या कर्करोगाचं मात्र निराळं. तिथे रोज किती यापेक्षा किती वर्षं हे फार भारी पडतं. म्हणून वीस वर्षं वीस ओढणाऱ्यापेक्षा चाळीस वर्षं दहा ओढणाऱ्याची काळजी डॉक्टरला जास्त वाटू शकते, जरी दोघांच्या कांड्यांची बेरीज तीच.

मामांनी पाडव्याला सोडली. पाकिटावरच छापलेल्या 1800-11-2356 या नंबरवर मामींनी फोन लावून दिला, मामा म्हणतात की तो त्यांनी स्वतः लावला. पुढच्या वेळी यंत्रावर आकडा आला तीन. पण एक नवीच तक्रार सुरू झाली, झोप येईना. सिगरेटची आठवण म्हणून असेल असं सगळ्यांनी धरलं. मग कळलं की यार्डात दिवसाला सात-आठ कटिंग चालू आहेत, पूर्वीसारखेच. धुरातली ती डांबराच्या कुळातली रसायनं यकृतातलं एक एन्झाइम जोरात पळवतात, आणि तेच एन्झाइम चहा-कॉफीतलं कॅफीन जाळतं. ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफीन जवळजवळ दुप्पट वेगाने जातं. ओढणं थांबलं की एन्झाइम मंदावतं, आणि तेवढाच चहा दुप्पट चढतो. दम्याच्या थिओफायलीनचं आणि काही मानसिक आजारांच्या गोळ्यांचंही असंच होतं, म्हणून अशी औषधं चालू असणाऱ्याने सिगरेट सोडताना डॉक्टरांच्या कानावर घातलेलं बरं. मामांनी चहा निम्म्यावर आणला. झोप आली.

शेजारच्या पेढीवरचे दिवाणजी परवा टपरीवर भेटले. मामांचं ऐकून त्यांनीही मनावर घेतलंय म्हणाले. बाराच्या आठ केल्या, आणि साधी बंद, आता लाईट. टपरीच्या खांबाला लटकणाऱ्या धुमसत्या सुंभावर त्यांनी ती पेटवली, वारा होता म्हणून मूठ केली. दोन्ही बोटं बरोबर छिद्रांच्या ओळीवर होती.